निवाऱ्याला बाहेर पडण्याचेही दार हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : ठाणे जिल्ह्यासाठी प्राणी निवारा उभारताना करावयाचा विचार

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके, आगारे आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून पकडलेले भटके कुत्रे निर्बीजीकरण व लसीकरण झाल्यावरही त्याच जागी परत सोडता येत नाहीत. त्यांची रवानगी निवाऱ्यात करावी लागते. तेव्हापासून ठाण्यात किंवा नवी मुंबईत हा विषय निघाला, की चर्चा एकाच मुद्द्याभोवती फिरू लागते : जागा कोठे मिळेल आणि तिच्यात पिंजरे किती बसतील? पशुवैद्यक म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे गाई-म्हशींच्या गोठ्यांत आणि निवृत्तीनंतरची काही वर्षे कुत्र्या-मांजरांच्या एका निवाऱ्यात विनामोबदला काम करण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला ही चर्चा उलट टोकाकडून सुरू झाल्यासारखी वाटते. पिंजऱ्यांची संख्या नंतर ठरते. आत आलेला प्राणी किती दिवसांनी आणि कोणत्या वाटेने बाहेर पडणार, हे आधी ठरावे लागते, आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलताना दिसत नाही.

निवाऱ्याचा हिशेब प्राथमिक शाळेतला आहे. रोज सरासरी जितके प्राणी येतात, त्या संख्येला एका प्राण्याच्या सरासरी मुक्कामाच्या दिवसांनी गुणले, की कोणत्याही दिवशी तेथे किती प्राणी असतील ते कळते. समजा, रोज आठ प्राणी आले आणि प्रत्येकाचा मुक्काम १५ दिवसांचा झाला, तर १२० जागा लागतील. येणारे प्राणी आठच राहिले, पण मुक्काम ३० दिवसांवर गेला, तर २४० जागा लागतील. (हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, आपल्या जिल्ह्याचे खरे आकडे जमवणे हे बांधकामाच्या निविदेआधीचे काम आहे.) म्हणजेच मुक्काम निम्म्यावर आणता आला, तर एकही वीट न रचता निवारा दुप्पट होतो, आणि मुक्कामाकडे दुर्लक्ष झाले, तर कितीही मोठी शेड बांधली तरी ती एका पावसाळ्यात भरून जाते.

अमेरिकेत अनेक ठिकाणी काउंटी, म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्यासारखा घटक, स्वतःचा प्राणी निवारा चालवते आणि तेथील उदाहरणे आपल्याकडे नेहमी दिली जातात. ती देताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जागा संपली, की निरोगी प्राण्यालाही इंजेक्शन देऊन मारण्याची मुभा तेथील अनेक निवाऱ्यांना आहे. आत आलेल्यांपैकी निदान ९० टक्के प्राणी जिवंत बाहेर पडले, तर तो निवारा ‘नो-किल’ समजावा, असा प्रघात तिकडे पडला तो त्यामुळेच. आपल्याकडे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे बरा न होणारा आजार जडलेल्या किंवा वाचण्याची आशा नसलेल्या जखमी कुत्र्यालाच पशुवैद्यकाकरवी वेदनारहित मरण देता येते. हा नियम योग्य आहे आणि तो सैल व्हावा, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु त्याचा अर्थ असा, की तिकडच्या निवाऱ्यांना जागा मोकळी करून देणारी ती भयंकर वाट आपण बंद ठेवली आहे. मग मालकाकडे परत पाठवणे, दत्तक देणे आणि कायद्याने परवानगी असेल तेथे मूळ ठिकाणी सोडणे, या उरलेल्या तीन वाटा आपल्याला तिकडच्यापेक्षा अधिक रुंद कराव्या लागतील. त्या अरुंद ठेवून केवळ पिंजरे वाढवले, तर जे उभे राहील त्याला निवारा म्हणण्यापेक्षा कोंडवाडा म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

तिसरी वाट अजून खुली आहे, याचा पुष्कळांना विसर पडलेला दिसतो. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यातच ठेवण्याच्या आधीच्या आदेशात बदल करून, रेबीज झालेले वा तसा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे वगळता बाकीचे कुत्रे निर्बीजीकरण, जंतनाशक व लस देऊन जेथून उचलले तेथेच सोडावेत, असे स्पष्ट केले होते. नोव्हेंबरचा आदेश विशिष्ट आवारांपुरता आहे. तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला निवाऱ्यात कोंबा, अशी मागणी करणाऱ्यांनी आणि प्रत्येक कुत्रा आता कायमचा डांबला जाणार, अशी भीती घालणाऱ्यांनी, दोघांनीही हे आदेश शेवटपर्यंत वाचावेत.

या विशिष्ट आवारांमधल्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण त्यांना परतीची वाटच नाही. कुत्रा नीट सांभाळला, तर दहा-बारा वर्षे जगतो. खोपटचे एसटी आगार, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय, ठाणे स्थानक अशा आवारांतून, उदाहरणादाखल म्हणू, ३०० कुत्रे उचलून ३०० जागांच्या निवाऱ्यात ठेवले, तर त्या जागा पुढची कित्येक वर्षे अडल्या. तीनशेएकावा कुत्रा, जो कदाचित घोडबंदर रस्त्यावर ट्रकखाली पाय चिरडून पडलेला असेल, त्याने कोठे जायचे? शिवाय आवारातला उकिरडा तसाच राहिला आणि कुंपणाला भगदाड राहिले, तर रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या गल्लीतले कुत्रे आठवड्याभरात येऊन बसतात. न्यायालयाने नोव्हेंबरच्या आदेशात कुंपण घालण्यासही सांगितले आहे. आधी कुंपण आणि उपाहारगृहाच्या खरकट्याची व्यवस्था, मग पकडणे, असा क्रम ठेवला तर पकडण्याची वेळ एकदाच येईल. या आवारांतले बरेच कुत्रे सुरक्षारक्षकांच्या आणि परिचारिकांच्या हातून वर्षानुवर्षे पोळी खाऊन माणसाळलेले असतात. ते दत्तक जाण्याजोगे असतात आणि त्यांच्यासाठी घरे शोधण्याचे काम पकडण्याआधी, त्या आवारातल्याच लोकांपासून सुरू करता येते. उरलेल्यांसाठी कायम वास्तव्याचा विभाग वेगळा बांधावा आणि त्याची जागा जखमी व आजारी प्राण्यांच्या विभागातून कधीही कापून घेऊ नये.

आपल्या मुलखात ही चर्चा नवी नाही. मुंबईत १८३२ मध्ये सरकारी हुकमाने भटके कुत्रे मारले जाऊ लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळ म्हणजे आमरण आसरा. गाईच्या चाऱ्यासाठी पुण्य म्हणून पैसे देणारे दाते आजही मिळतात, म्हणून ती कल्पना गाईंच्या बाबतीत टिकली. गावठी कुत्र्याच्या दहा वर्षांच्या भाकरीसाठी तितके दाते मिळतील, असे गृहीत धरून कोणी अंदाजपत्रक मांडणार असेल, तर ते पुन्हा एकदा तपासावे.

आता स्वतःची एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळेच हे पत्र लिहीत आहे. काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात, मी जेथे काम करत होतो त्या निवाऱ्यात एका आठवड्यात ११ पिले आली. संस्थेचे नाव येथे देत नाही. दोष तिच्यापेक्षा माझा अधिक होता. नव्याने आलेल्यांना वेगळे ठेवण्याची खोली आमच्याकडे होती, पण पावसात भिजू नयेत म्हणून तिच्यात खाद्याची पोती रचली होती, आणि पिले मोठ्या कुत्र्यांच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात ठेवण्यास मीच सांगितले. पोती हलवायला माणसे नव्हती, एवढेच कारण. पाचव्या दिवशी पहिले पिलू रक्ताची हगवण लागून गेले. दहाव्या दिवसापर्यंत अकरातली आठ गेली आणि आधीपासून तेथे असलेली, लस राहून गेलेली आणखी तीन. तो पार्व्हो होता. फरशी दिवसातून दोनदा फिनेलने धुतली जात होती, पण पार्व्होचा विषाणू फिनेलला जुमानत नाही आणि जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. त्याला सोडियम हायपोक्लोराइटचे योग्य प्रमाणातले ताजे द्रावण लागते, तेही आधी विष्ठा आणि घाण धुऊन काढल्यावर, कारण घाणीवर ओतलेले ब्लीच निकामी होते. हे सर्व मी विद्यार्थी असताना शिकलो होतो. गोठ्यातल्या सवयीने फिनेलवर विसंबलो.

त्या दहा दिवसांत जे समजले, ते निवाऱ्याच्या नकाशातच उतरले पाहिजे. आत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला आणि लस देण्याजोग्या वयाच्या पिलाला पार्व्होसह इतर रोगांवरची संयुक्त लस दाराशीच, नोंद होताक्षणी टोचली पाहिजे. दोन दिवसांनी सवडीने टोचलेली लस बहुधा उशिराची ठरते. नव्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, पिलांसाठी आणि मांजरांसाठी वेगवेगळ्या खोल्या हव्यात, त्यांची गटारे वेगळी हवीत आणि सफाईची सुरुवात निरोगी पिलांपासून होऊन शेवट आजाऱ्यांकडे व्हायला हवा, म्हणजे एकाच माणसाचे बूट आणि एकच झाडू रोग घेऊन फिरणार नाहीत. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता गटाराचा उतार ही नंतर पाहण्याची गोष्ट नाही. कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि साचलेल्या पाण्यात अनवाणी उभा राहणारा सफाई कामगार त्याला सर्वांत आधी बळी पडतो. त्याला गमबूट आणि हातमोजे, आणि कुत्रे पकडणाऱ्या गाडीवरच्या प्रत्येकाला चावा बसण्याआधीच रेबीजची प्रतिबंधक लस, हा निविदेतला अटळ खर्च समजावा. कामगार ठेकेदाराचे आहेत, ही सबब येथे चालू नये.

मनुष्यबळाबद्दलही एक माप सांगण्याजोगे आहे. केवळ सफाई आणि खाणे-पिणे यांसाठी दर प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटे लागतात, असे अमेरिकेतील निवाऱ्यांमध्ये धरले जाते आणि माझ्या अनुभवाला ते पटते. १२० प्राणी म्हणजे ३० तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीने जवळजवळ चार माणसे, रोज, रविवारी आणि दिवाळीच्या पाडव्यालाही. औषधोपचार, दत्तक घ्यायला आलेल्यांशी बोलणे, नोंदी ठेवणे आणि कुत्र्याला पट्ट्याने बाहेर फिरवणे यांसाठी लागणारी माणसे याखेरीज. शेडचे उद्घाटन होते, कोनशिलेवर नावे येतात, पण या चार माणसांच्या पगाराची तरतूद दुसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात टिकेल काय, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

निवाऱ्याचा एक उपयोग असा आहे, की ज्यांना कुत्र्यांचे काडीचे प्रेम नाही, त्यांनाही तो हवासा वाटावा. माणसाला चावलेला कुत्रा अथवा मांजर दहा दिवस निगराणीखाली ठेवून जगले आणि निरोगी राहिले, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता, असे मानता येते. (माणसाने मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहू नये, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी.) रस्त्यावरचा चावरा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवणे कोणाही रहिवाशाला शक्य नसते. त्यासाठी स्वतंत्र, कुलूपबंद, एकेकट्या कोठड्या हव्यात, आणि तेथे मेलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासणीसाठी मुंबईच्या प्रयोगशाळेपर्यंत थंड पेटीतून नेण्याची व्यवस्था हवी. कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट आपल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आहे. त्यासाठी एकूण कुत्र्यांपैकी ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते, आणि पिंजऱ्यात कोंडलेले काहीशे कुत्रे त्या ७० टक्क्यांच्या जवळपासही नेत नाहीत. म्हणून निवाऱ्याचा पैसा लसीकरणाच्या पैशातून काढला जाऊ नये.

माझी मुख्य सूचना अशी आहे, की हा निवारा एकेका महापालिकेने स्वतंत्रपणे न बांधता जिल्ह्याने बांधावा. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यानंतरही ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, शिवाय अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपालिका, आणि मुरबाड-शहापूरचा मोठा ग्रामीण भाग. एकट्या लहान नगरपालिकेला क्ष-किरण यंत्र, रात्रपाळीचा डॉक्टर आणि विलगीकरणाचे चार विभाग परवडणार नाहीत. परवडले, तरी अर्धा वेळ ते रिकामे राहतील. ठाण्याचा विटावा संपून नवी मुंबईचा दिघा कोठे सुरू झाला, हे कुत्र्याला कळत नाही आणि जखमी कुत्रा उचलून रिक्षात घालणाऱ्या कॉलेजच्या मुलालाही कळत नाही. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असणे आणि आजारी प्राण्यांची शुश्रूषागृहे व निवारे यांसाठी राज्याने जमीन आणि सोयी पुरवणे अपेक्षित आहे, तेथे पूर्ण वेळ पशुवैद्यकही अपेक्षित आहे. म्हणजे चौकट कागदावर तयार आहे. प्रत्येक शहराने आपल्या हद्दीतून जितके प्राणी पाठवले, त्या प्रमाणात खर्च उचलावा. निर्बीजीकरण केंद्रे मात्र ज्याच्या त्याच्या शहरातच राहावीत, कारण शस्त्रक्रियेनंतर कुत्रा काही दिवसांत आपल्या गल्लीत परतला पाहिजे आणि भिवंडीचा कुत्रा बेलापूरला नेऊन आणण्यात कोणाचेच भले नाही.

जागेविषयी एवढेच, की ती क्षेपणभूमीच्या कडेला नसावी. प्राण्यांसाठीची जागा म्हटले, की आपली नजर नेहमी कचऱ्याच्या डोंगराकडे वळते. तेथे भुंकण्याची तक्रार येत नाही हे खरे, पण दत्तक घ्यायलाही कोणी येत नाही. ठाणे किंवा ऐरोली स्थानकापासून टीएमटी-एनएमएमटीच्या बसने अर्ध्या तासात पोहोचता येईल, शनिवार-रविवार उघडे असेल आणि आजी-आजोबांना नातवंडांसह यावेसे वाटेल, असे ठिकाण हवे. शहरात ते जमत नसेल, तर आठवड्यातून एकदा एखाद्या महापालिका शाळेच्या मैदानात किंवा समाजमंदिरात दत्तक मेळा भरवावा. हौसेने आणलेले हस्की आणि सेंट बर्नार्ड ठाण्याच्या मे महिन्यात धापा टाकू लागले, की त्यांना येऊरच्या पायथ्याशी सोडून देणारे महाभागही आपल्यातच आहेत. भुकेने वा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, म्हणजे हस्कीच्या एका वेळच्या खाद्याहून कमी. तो दंड वाढेल तेव्हा वाढो. तोवर अशा मालकाने प्राणी रस्त्यावर न सोडता निवाऱ्यात आणून द्यावा यासाठी ठरावीक शुल्क आणि आगाऊ वेळ घेण्याची पद्धत सुरू करता येईल. प्रतीक्षेच्या त्या आठ दिवसांत अर्ध्या जणांचा विचार बदलतो, असा माझा अनुभव आहे. खरे कारण बहुधा सोसायटीतले भांडण, नवे घर किंवा घरातले बाळंतपण असते, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर थोड्या सल्ल्याने तोड निघते.

फ्लेमिंगो, घार, बिबट्या, अजगर यांची जबाबदारी १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाखाली वनखात्याची आहे. संक्रांतीला मांजात अडकलेली घार लोक निवाऱ्यातच घेऊन येतील, तेव्हा ती वनखात्याच्या ताब्यात जाईपर्यंत शांत, अंधारी एक खोली राखून ठेवावी, एवढे पुरे.

शेवटची विनंती नोंदवहीबद्दल आहे. निवाऱ्याच्या फाटकाबाहेर रोज सकाळी फळ्यावर सहा आकडे लिहिले जावेत : काल किती आले, किती मालकाकडे गेले, किती दत्तक गेले, किती मूळ जागी सोडले, किती मेले आणि आज किती आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाने ते दरमहा प्रसिद्ध करावेत. मृत्यूचा आकडा लपवण्याचा मोह फार मोठा असतो. तो वाईट माणसांनाच होतो, असे नाही. त्या जुलैची आमची वही मी नंतर उघडून पाहिली, तेव्हा तिच्यात मृत्यूचा रकाना आखलेलाच नव्हता, आणि अकरापैकी आठ पिलांच्या पुढे माझ्याच अक्षरात केवळ ‘जागा रिकामी’ असे लिहिलेले होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक,
कोपरी, ठाणे (पूर्व)